मंगळावर वस्ती करायची, पण ठरवणार कोण? : नववी-दहावीच्या वर्गासाठी सहा तासिकांची आखणी

'मंगळावर मानवी वस्ती : शाप की वरदान?' हा विषय निबंधाला दिला की काय होतं ते नागपुरातल्या कुठल्याही शाळेतल्या मराठीच्या मॅडमना विचारा. साठ वह्या, साठ सारखे निबंध. आधी विज्ञानाची गरुडझेप, मग वरदान, मग शाप, आणि शेवटी 'विज्ञानाचा वापर कसा करायचा हे माणसाच्याच हातात आहे'. गुण देऊन मोकळं व्हायचं. वादविवाद स्पर्धेतही तेच. ज्याचा आवाज मोठा त्याला ढाल, आणि विषय होता तिथंच.

मुलांना या विषयात रस नसतो असं मुळीच नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ उतरताना शाळांच्या सभागृहांत जो गोंगाट झाला तो आठवा. अडचण प्रश्नात आहे. 'जावं की जाऊ नये' हे नववीतल्या मुलाच्या हातात नाही आणि तुमच्या-माझ्याही नाही, म्हणून तो त्यावर ठोकळेबाज बोलतो. पण 'गेलेच, तर तिथं कोण ठरवणार, पैसे आणि जीव कोणाचे लागणार, आणि परत यायची सोय कोणाला असणार' असं विचारलं की वर्ग जागा होतो, कारण या गोष्टी तो घरात, मोहल्ल्यात रोज बघतो. पुढची सगळी आखणी या तीन प्रश्नांवर उभी आहे. सहा तासिका लागतात, दोन आठवड्यांत संपवावं. घटक चाचणीच्या आठवड्यात हात घालू नका.

पहिली तासिका : आधी माहिती, मग मत

नीतीच्या चर्चेत मुलं हवेत बोलतात, कारण मंगळ त्यांच्या डोळ्यांपुढे नसतो. एक तास निव्वळ माहितीला द्या. फळ्यावर लिहा, आणि प्रत्येक आकड्यापुढे 'म्हणजे काय?' असं विचारत चला.

मंगळाची हवा पृथ्वीच्या तुलनेत एक टक्क्याहूनही विरळ, आणि त्यातली ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. म्हणजे उघड्यावर श्वास घेणं तर सोडाच, दाबाच्या पोशाखाशिवाय बाहेर पाऊलही टाकता येणार नाही. सरासरी तापमान उणे साठ अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर गेलं की दुपारी रस्ते ओस पडतात, तर तिथं बारा महिने काय होईल? गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. वर्ष ६८७ दिवसांचं. मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, २००८ मध्ये फिनिक्स यानानं ते शोधले. थायरॉइडला ते घातक, म्हणजे ती माती जशीच्या तशी कुंडीत भरून मेथी लावता येणार नाही. क्युरिऑसिटी गाडीवरच्या उपकरणानं मोजलेला किरणोत्सार दिवसाला साधारण ०.६७ मिलिसिव्हर्ट भरतो. पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या वर्षभरात जेवढा अंगावर येतो तेवढा तिथं चार दिवसांत.

आणखी एक आकडा जपून ठेवा, पुढे तो लागणार आहे : पृथ्वीवरून मंगळाकडे निघायची सोयीची वेळ २६ महिन्यांतून एकदाच येते, आणि जायलाच सहा ते नऊ महिने लागतात.

इथं एखादं हुशार पोरगं हात वर करून म्हणेलच, की सर, आपण मंगळाची हवाच बदलून टाकू ना. उत्तर तयार असू द्या. २०१८ मध्ये ब्रूस जाकोस्की आणि क्रिस्टोफर एडवर्ड्स या दोन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की मंगळावर हाताशी येण्याजोगा जेवढा कार्बन डायऑक्साइड आहे तो सगळा मोकळा केला तरी आजच्या तंत्रानं तो ग्रह पुरेसा उबदार होणार नाही. म्हणजे आपण बोलतोय ते बंद खोल्यांतल्या, यंत्रानं पुरवलेल्या हवेवरच्या जगण्याबद्दल. हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या तासाला पत्रिकेतला मंगळही येतो, आल्याशिवाय राहत नाही. 'मॅडम, मग तिथं जन्मलेल्या सगळ्याच पोरींना मंगळ का?' हसू द्या. तेवढ्यावर दोन मिनिटं घालवली तर बिघडत नाही, पण तास त्यात गेला तर परत आणणं अवघड जातं.

दुसरी तासिका : चिठ्ठीचा खेळ

सगळ्या आखणीतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फळणारा भाग. मंगळ आणि पृथ्वी यांच्यात संदेश जायला ग्रहांच्या अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात, तेही एका बाजूनं. हे सांगून कळत नाही.

वर्गातल्या पाच-सहा मुलांना 'मंगळ' करा आणि प्रयोगशाळेत किंवा व्हरांड्याच्या पार टोकाला बसवा. दुसरी पाच-सहा 'पृथ्वी', ती वर्गात. मध्ये एक निरोप्या, हातात घड्याळ. नियम एकच : चिठ्ठी निरोप्याच्या हातात आल्यापासून ती बारा मिनिटांनीच पोचवायची. बाकीचा वर्ग दोन भागांत बसून नुसतं बघतो आणि नोंदी करतो.

मंगळाच्या गटाला तुम्ही एक अडचण द्यायची. उदाहरणार्थ : हवा शुद्ध करणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद पडलं आहे. दुसऱ्यावर सगळ्यांचं अर्ध्या तासापुरतंच भागेल. एक खोली बंद केली तर बाकीचे वाचतील, पण त्या खोलीत बियाण्यांचा सगळा साठा आहे. काय करायचं ते पृथ्वीला विचारा.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एकच प्रश्न आणि एकच उत्तर होतं. पहिली चिठ्ठी जवळजवळ नेहमी 'काय करायचं?' अशीच असते, नम्र, परवानगी मागणारी. पृथ्वीचे लोक ती वाचून उलट प्रश्न विचारतात : बियाणं किती आहे? दुसऱ्या खोलीत हलवता येईल का? तो प्रश्न मंगळावर पोचेपर्यंत तिथल्यांनी खोली बंद करून टाकलेली असते. मग दुसरी चिठ्ठी येते तिचा सूर निराळा असतो. 'आम्ही केलं. तुमच्या उत्तराची वाट पाहू शकत नाही.' एका वर्गात तर मंगळावरून आलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं : 'काहून विचारून राहिले? इथं आम्ही आहोत.'

खेळ संपल्यावर व्याख्यान देऊ नका. बघणाऱ्या मुलांच्या नोंदी वाचून घ्या आणि तीनच गोष्टी विचारा. मंगळाच्या गटात निर्णय कोणी घेतला, सगळ्यांनी की जो आधीपासून मॉनिटर आहे त्यानं? तो चुकला असता तर त्याला जाब कोण विचारणार होतं? आणि पृथ्वीच्या गटाला राग आला का, आला तर तो योग्य होता का? 'कोण ठरवणार' या प्रश्नाचा पाया इथं घातला जातो.

तिसरी तासिका : झीरो माईलपाशी

जमलं तर मुलांना सीताबर्डीच्या झीरो माईलला घेऊन जा. नाही जमलं तर फोटो चालतो, बहुतेकांनी ते चार घोडे बसमधून पाहिलेलेच असतात. वाळूच्या दगडाचा खांब, त्यावर गावांची मैलांतली अंतरं. इंग्रजांनी देशाची मोजणी केली त्या कामातलं हे ठिकाण. मुलं ते 'भारताचा मध्यबिंदू' म्हणून पाठ करून आलेली असतात. तुम्ही निराळं विचारा : हे मोजलं कोणी, आणि कोणाच्या उपयोगासाठी?

मग नागपूरचा क्रम मांडा, थोडक्यात, कारण हा इतिहासाचा तास नाही. गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलेलं शहर. नंतर भोसल्यांचं राज्य. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. १८६७ मध्ये रेल्वे आली, ती मुख्यतः वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी. १८७८ च्या वनकायद्यानं जंगलांची वर्गवारी झाली. ज्यांच्या पिढ्या त्या रानात गेल्या त्यांनीच ठरावीक मुदतीत अर्ज करून आपला हक्क सिद्ध करायचा, नाही केला तर हक्क बुडाला.

आता मुलांना विचारा, यातलं मंगळाला काय लागू पडतं आणि काय पडत नाही.

लगेच, अगदी पहिल्या मिनिटाला येणारं उत्तर ठरलेलं आहे : 'सर, पण तिथं तर कोणीच नाही राहत. मग कोणावर अन्याय?' हा आक्षेप बरोबर आहे आणि तो खोडून काढायच्या भानगडीत पडू नका. पुष्कळ शिक्षक इथं घाईनं 'वसाहतवाद वाईटच' असं सांगून मोकळे होतात आणि वर्ग शांत बसतो, कारण त्याला कळतं की उत्तर आधीच ठरलंय. उलट तो आक्षेप फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. त्याखाली विचारा : तिथं कोणीच नसलं, तरी या बेतात कोणाचं नुकसान होऊ शकतं? मुलांना वेळ द्या. माझ्या अनुभवात यादी साधारण अशी वाढत जाते : जे जातील ते. जे मागे राहतील ते, कारण पैसा तिकडे गेला. तिथं जन्मतील ती मुलं. ज्या देशांकडे रॉकेट नाही ते. आणि असलेच तर तिथले सूक्ष्म जीव. ही यादी तुम्ही देऊ नका, मुलांकडूनच येऊ द्या. एखादं नाव राहिलं तर राहू द्या, पुढच्या तासाला निघेल.

मी इथं एक भेद मुद्दाम सांगते. जमिनीवरून कोणाला हाकलणं हा वसाहतींच्या इतिहासातला एक अन्याय. लांब कुठंतरी नेऊन परतीची वाट बंद असलेल्या माणसांकडून काम करून घेणं हा दुसरा. मंगळावर पहिला बहुधा होणार नाही. दुसऱ्याला तिथं भरपूर वाव आहे. पाचव्या तासिकेचा सगळा जोर यावर आहे.

एक सावधगिरी. मिहान किंवा गोसीखुर्दच्या प्रकल्पात ज्यांच्या घरची शेती गेली अशी मुलं तुमच्या वर्गात असू शकतात. त्यांना उभं करून 'तुझा अनुभव सांग' म्हणू नका. स्वतःहून बोलली तर मात्र मध्ये तोडू नका.

चौथी तासिका : लोणारचं पाणी आणि कायद्याचा कागद

जिवाणूंना काही किंमत आहे का, हा प्रश्न मुलांना आधी फालतू वाटतो. लोणारनं सुरुवात करा. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर उल्काघातानं बसाल्ट खडकात तयार झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बसाल्टचा, म्हणून ग्रहांचा अभ्यास करणारे तिथं येतात. पाणी खारं आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जिवांमुळे. ज्या पाण्यात मासा जगत नाही त्यात हे मजेत राहतात. आता विचारा : मंगळाच्या जमिनीखाली असंच खारट पाणी आणि त्यात असंच काही सापडलं, तर तिथं बोअर मारायची का?

मोहिमा आखणारे हा प्रश्न फार गंभीरपणे घेतात हे मुलांना माहीत नसतं. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली दोन्ही व्हायकिंग यानं निघण्याआधी ११० अंशांच्या वर एक दिवसाहून जास्त भाजून काढली होती, इथले जंतू तिथं जाऊ नयेत म्हणून. उलटी काळजीही घेतली गेली : अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परतले तेव्हा त्यांना तीन आठवडे विलगीकरणात ठेवलं होतं. आणि निष्काळजीपणाचंही उदाहरण आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये इस्रायलचं बेरेशीट यान चंद्रावर कोसळलं. त्यात टार्डिग्रेड नावाचे चिवट सूक्ष्म जीव होते हे जगाला काही महिन्यांनी कळलं. यंत्र भाजून काढता येतं, माणूस नाही. माणूस गेला की त्याच्या पोटातले, कातडीवरचे जिवाणूही गेलेच. हे वाक्य वर्गात कोणी म्हटलं तर तास वसूल झाला समजा.

उरलेल्या पंधरा मिनिटांत कायदा. त्याला याहून जास्त वेळ देऊ नये, मुलं पेंगतात. फक्त दोन मजकूर शेजारी-शेजारी ठेवा. एक, १९६७ चा बाह्य अवकाश करार. कोणताही देश चंद्रावर किंवा इतर ग्रहांवर मालकी सांगू शकत नाही. घातक प्रदूषण टाळायचं. आणि खासगी कंपनीनं अवकाशात काही केलं तरी जबाबदारी तिच्या देशाची. भारत या करारात आहे. दोन, २०२० मध्ये स्टारलिंक कंपनीनं आपल्या इंटरनेट ग्राहकांसाठी काढलेल्या अटी. त्यात असं कलम होतं की मंगळ हा स्वतंत्र ग्रह आहे, पृथ्वीवरच्या कुठल्याही सरकारची तिथल्या कामांवर सत्ता नाही, आणि तंटे तिथं ठरवल्या जाणाऱ्या स्वशासनाच्या तत्त्वांनुसार मिटवले जातील. मुलांनी यातला विरोध शोधायचा. इंटरनेटच्या जोडणीसाठी 'मान्य आहे' वर बोट ठेवताना माणूस एका ग्रहाचं राजकारण मान्य करतो, याची त्यांना फार गंमत वाटते.

चुणचुणीत वर्ग असेल तर आणखी एक गाठ द्या. जमीन कोणाची नाही, पण जमिनीतून काढलेलं पाणी किंवा धातू? अमेरिकेनं २०१५ मध्ये आपल्या नागरिकांना अशा खनिजांची मालकी देणारा कायदा केला. १९७९ च्या चंद्र कराराचं म्हणणं होतं की हे सगळं अखिल मानवजातीचं. भारतानं त्या करारावर सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या पुढाकाराच्या, अशी खनिजं काढायला हरकत नाही असं मानणाऱ्या आर्टेमिस करारात मात्र सामील झाला. आपला देश नेमका कोणत्या बाजूला, हे मुलांनाच ठरवू द्या.

पाचवी तासिका : उचल

एलॉन मस्क यांनी २०२० च्या जानेवारीत जाहीरपणे लिहिलं होतं की ज्यांच्याकडे मंगळाच्या तिकिटाचे पैसे नाहीत त्यांना कर्ज मिळेल आणि तिथं कामं भरपूर असतील. हे वर्गात वाचून दाखवा आणि थांबा. उसाच्या फडावरची, वीटभट्टीवरची उचल ज्यांनी ऐकलेली आहे ती मुलं लगेच एकमेकांकडे बघतात. गिरमिटियांचा, म्हणजे इंग्रजांच्या काळात करारावर परदेशी मळ्यांत नेलेल्या मजुरांचा, इतिहासही इथं सांगता येतो : करारावर अंगठा, बोटीचं भाडं मालकाचं, आणि पाच वर्षांची बांधणी. मॉरिशसमधली मराठी घराणी त्या काळातच तिकडे गेली.

मग खालचा करारनामा वाटा. तो वर्गासाठी रचलेला आहे, खऱ्या कंपनीचा नाही, हे आधी सांगून टाका.

'१. प्रवासखर्च कंपनी करील. ही रक्कम उचल समजली जाईल व दरमहा पगारातून वळती केली जाईल.
२. हवा, पाणी, दाब व उष्णता या सेवांचे शुल्क कर्मचाऱ्याच्या खात्यावर मांडले जाईल. दर कंपनी वेळोवेळी ठरवील.
३. उचल फिटलेली असल्यास व यानात जागा असल्यास कर्मचाऱ्यास परत येता येईल.
४. वस्तीच्या सुरक्षिततेस बाधा येईल असे वर्तन, काम बंद ठेवणे धरून, दंडनीय राहील.
५. कर्मचाऱ्याच्या पश्चात शिल्लक उचल त्याच्या मंगळावरील वारसांकडे वर्ग होईल.'

आधी गणित करून घ्या, बोलणं नंतर. उचल पन्नास लाख, पगार महिन्याला ऐंशी हजार, सेवाशुल्क पंचावन्न हजार. उरले पंचवीस हजार; सगळे उचलीत घातले तरी फिटायला दोनशे महिने, म्हणजे सोळा वर्षं आठ महिने. आता कंपनीनं दुसऱ्या कलमानुसार शुल्क फक्त दहा टक्क्यांनी वाढवलं. उरले साडेएकोणीस हजार, आणि मुदत गेली एकवीस वर्षांच्या पुढे. दहा टक्क्यांची वाढ, पावणेपाच वर्षांची कैद. हे फळ्यावर मांडलं तेव्हा एका मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, 'आणि मॅडम, दर वर्षी वाढवलं तर?' तिला खडू द्या. तिसऱ्या वाढीनंतर ती मागे वळून म्हणते, हे फिटणारच नाही.

यानंतर संविधान काढा. कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा त्यावर उभा आहे. कलम १९ मध्ये देशभर मोकळं फिरण्याचं स्वातंत्र्य आहे. कलम २१ मध्ये जीविताचं. विचारा : श्वास विकत घ्यावा लागतो तिथं कलम २१ चा अर्थ काय? २६ महिन्यांतून एकदा यान सुटतं तिथं 'नोकरी सोडून जा' म्हणण्याला काय अर्थ?

आणि मग चर्चा कंपनीला शिव्या घालण्यावर घसरायला लागली की चौथं कलम पुढे करा. हवेच्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी संप केला तर दिवसभरात सगळे मरतील, संप करणारेसुद्धा. त्यांना संपाचा हक्क द्यायचा का? नाही दिला तर त्यांच्या हातात दुसरं काय उरतं? याला सोपं उत्तर नाही, आणि वर्गात ते कोणाकडे नसतं तेव्हाच तास रंगतो. माझं स्वतःचं मत मी मुलांनी विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारलं तर सांगते, की हवेची मालकी आणि मजुरी देणारा मालक हे दोन्ही एकाच हातात असू नयेत. त्यावरही मुलं भांडतात. भांडू द्यावं.

भूमिका वाटायच्या असतील तर चिठ्ठ्या टाकूनच. मजुराचं काम वस्तीतल्या पोराकडे आणि मॅनेजरचं काम नीटनेटक्या गणवेशवाल्याकडे, असं नकळत होतं, आणि ते मुलांच्या लक्षात राहतं.

सहावी तासिका : सभा, पण मतदान नाही

शेवटी निर्णय. पण हात वर करून मोजणी करू नका. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव मुलांना सांगा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथं ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. आणि आधी अभ्यासगटात विषय नीट समजून घेतला जातो. लहान, दूरच्या, एकमेकांवर अवलंबून असलेल्या वस्तीला हीच पद्धत जास्त मानवेल, कारण हरलेले लोक रुसून दुसऱ्या गावी जाऊ शकत नाहीत.

प्रसंग असा द्या. वस्तीत दोनशे माणसं. पाण्याचं यंत्र निम्म्या क्षमतेनं चालतंय. बोअर मारताना खारट पाण्याचा थर लागला. नमुन्यात जीव असावेत अशी शंका आहे, खात्री नाही. खात्री करायला चार महिने लागतील. पुढचं यान चौदा महिन्यांनी. पाणी काढायचं का?

सात चिठ्ठ्या : कंपनीचा व्यवस्थापक, उचलीवरचा कामगार, जीवशास्त्रज्ञ, डॉक्टर, तिथंच जन्मलेली पंधरा वर्षांची मुलगी, रॉकेट नसलेल्या देशाचा प्रतिनिधी, आणि नागपुरातला कर भरणारा माणूस. प्रत्येक भूमिकेला वर्गातला एकेक गट, दहा मिनिटं अभ्यासगट म्हणून बसेल. मग सभा. कोणीही एकानं 'मला मान्य नाही' म्हटलं तर निर्णय थांबतो, पण त्यानं पर्याय सुचवायलाच हवा. नुसतं अडवून बसता येणार नाही. एका तासात सहमती होईलच असं नाही. नाही झाली तर कुठं अडलं ते लिहून घ्या, तेही कामाचं आहे.

जन्मलेल्या मुलीच्या भूमिकेला थोडी मदत लागते. तिच्यासाठी एक माहिती द्या : अंतराळ स्थानकात वजनरहित अवस्थेत महिन्याला एक ते दीड टक्का हाडांची घनता कमी होते, आणि ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात वाढलेला माणूस अजून कोणी पाहिलेलाच नाही. ती पृथ्वीवर 'परत' येऊ शकेल का हेच तिला ठाऊक नाही. तिनं कुठल्याच करारावर सही केलेली नाही. पाचव्या कलमातली उचल मात्र तिच्याकडे येते.

या सभेत नागपूरकर हटकून म्हणतो, 'इथं नळाला पाणी नाही आणि तुम्ही मंगळावर बोअर मारून राहिले!' टाळ्या पडतात. तेव्हा वर्गाला मंगळयानाचा खर्च सांगा, सुमारे ४५० कोटी रुपये, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा आकडा मुलांना स्वतः शोधून आणायला लावा. तुलना केल्यावर काहींचं मत बदलतं, काहींचं आणखी पक्कं होतं. दोन्ही चालतं, आकडा समोर ठेवून झालं म्हणजे झालं.

गुण कशाला द्यायचे

कोणती बाजू घेतली याला गुण नाहीत. मी तीन गोष्टी बघते : पहिल्या तासातली माहिती युक्तिवादात वापरली का, नुकसान कोणाचं होणार ते नेमकं सांगितलं का, की 'मानवजात', 'निसर्ग' असे मोघम शब्द टाकले, आणि मत बदललं असेल तर कशामुळे बदललं ते सांगता आलं का. वीस गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात हे सहज बसतं. बोलायला लाजणाऱ्या मुलांना सभेचं इतिवृत्त लिहायला द्या, ती बहुतेक वेळा सर्वांत नीट ऐकत असतात.

रमण विज्ञान केंद्राची सहल काढणार असाल तर ती या सगळ्यानंतर काढा. तारांगणात मंगळ दिसला की मुलं आधी 'वॉव' म्हणायची, आता 'हवेचं बिल कोण भरणार?' असं म्हणतात, आणि तिथल्या मार्गदर्शकांची जरा तारांबळ उडते.

घरचा अभ्यास एकच. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. ती समोर ठेवून गटागटानं मंगळवस्तीची उद्देशिका लिहायची, एका पानात. 'आम्ही, मंगळाचे लोक' असं सुरू करणारे गट असतील, 'आम्ही, पृथ्वीचे लोक' असं करणारेही. कुठला शब्द तसाच ठेवला आणि कुठला बदलला याचं कारण समासात लिहायला सांगा.

हे कागद वर्षाअखेरीला रद्दीत घालू नका. पुढच्या वर्षी नववीत येणाऱ्या मुलांना द्या आणि सांगा, तुम्ही मंगळावर जन्मलेली पिढी, हा कागद तुमच्या आधीच्यांनी तुम्हाला न विचारता लिहिलाय. कोणतं वाक्य खोडाल? खोडण्याचं कारण दोन ओळींत लिहून कागद मूळ गटाकडे, म्हणजे दहावीच्या वर्गात, परत पाठवायचा. बारा मिनिटं थांबून.